राज्यशास्त्र घेऊन पोरगी काय पुढारी होणार?

"मॅडम, राज्यशास्त्र घेऊन पोरगी काय पुढारी होणार हाय का?" औसा तालुक्यातले एक शेतकरी वडील विचारत होते. लेकीनं 'नीट' ही डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा दोनदा दिली होती, दुसऱ्यांदा लातूरला खोली करून. दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता ती बी.ए.ला जायचं म्हणत होती आणि घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नव्हतं.

पोरांना पुढची वाट सांगताना हा प्रश्न मी दर जूनमध्ये ऐकते. लातूर पॅटर्नच्या या गावात डॉक्टर-इंजिनिअरची वाट सुटली की कला शाखा ही उरलेल्यांची, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय. पोरांच्या मनावर त्याचा काय घाव बसतो ते मी रोज बघते, म्हणून चीड येते.

मुलगी गप्प होती. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. वडील म्हणाले, "ही बघा तिची भानगड." पिशवीत माहिती अधिकाराचा अर्ज होता. जोडपत्र 'अ', त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, कोपऱ्यात पोच मिळाल्याचा निळा, अर्धवट उमटलेला शिक्का. उन्हाळ्यात गावात टँकरच्या किती खेपा झाल्या, एवढंच विचारलेलं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं आणि खेपांची यादी मिळवली. कुणी शिकवलं? "कुणी नाही. कायदा वाचला."

मी वडिलांना म्हणाले, "दादा, हिनं राज्यशास्त्र सुरू केलंय. फक्त नाव घातलं नाही अजून."

नुसत्या पदवीच्या कागदावर नोकरी मिळत नाही, हे मी आधीच सांगितलं. मग एकेक वाट उघडून दाखवली. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत १७५० लेखी गुणांपैकी ५०० वैकल्पिक विषयाचे असतात आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा त्यातला एक विषय. सामान्य अध्ययनाचा दुसरा पेपरही संविधान, शासनव्यवस्था यांवरच. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय, म्हणजे लिहिता येणाऱ्याला किंमत आली. पण एवढा एकच दरवाजा समजून पोरं पुण्याच्या पेठांत पाच-सहा वर्षं काढतात, ते मला बघवत नाही. किती वेळा परीक्षा द्यायची ते आधी लिहून ठेवायचं आणि सोबत दुसरं काहीतरी हातात ठेवायचं, ही माझी अट असते.

हिच्यासाठी ते दुसरं काहीतरी म्हणजे वकिली, असं मला वाटलं. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. प्राध्यापकीचं स्वप्न मात्र मी जपूनच दाखवलं. एम.ए. करून नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झालेली माणसंसुद्धा तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं थांबलेली आहेत. सामाजिक संस्था आणि धोरणाच्या कामाची आवड असेल तर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे, घरापासून लांबही नाही. पत्रकारिता आहे, निवडणूक सर्वेक्षणाची कामं आहेत. त्यासाठी थोडं संख्याशास्त्र शिकून घ्यावं लागतं, आणि विज्ञानातून आलेल्या पोरीला ते जड जात नाही. लॅम्प नावाची एक फेलोशिप आहे, तीत तरुण पदवीधर एखाद्या खासदारासाठी संसदेच्या कामाचा अभ्यास करून देतात.

इथं वडील पहिल्यांदा पुढे सरकले. "म्हंजे पुढाऱ्याला हे लेकरू माहिती देणार?"

"हो."

बराच वेळ ते त्या शिक्क्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं वाया गेली म्हणून भांडलो तिच्याशी." मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. जीवशास्त्राची ती दोन वर्षं वाया गेलेली नाहीत, तासन्‌तास बसून वाचायची सवय तिथूनच लागली, हे मी दोघांनाही सांगितलं. माझा त्यावर विश्वास आहे.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. परवा फोन आला, पण तिचा नाही, वडिलांचा. पीकविम्याबद्दल गावातल्या चौघांना माहिती मागवायची होती. "पोरगी परीक्षेत हाय मॅडम, अर्ज कुणाच्या नावानं लिहायचा तेवढं सांगा, बाकी तिनं शिकवलंय."