आधी झोप, मग हप्ते

परवा म्हणालास ना, कर्जवसुलीचा फोन वाजला की पोटात गोळा येतो? माझंही तेच होतं. बँकेची पाकिटं न फोडताच मी फ्रिजवर, केळ्यांच्या टोपलीखाली सरकवायचो. रात्री झोप नाही म्हणून कामात चुका, चुकांमुळे इन्सेंटिव्ह बुडाला, की पुढचा हप्ता थकला. पैसा येईल मग डोकं ताळ्यावर येईल, या भरवशावर बसू नकोस. झोपेपासून सुरुवात कर. मुंबईत केईएम, सायन, नायर, तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे. तेवढंही निघवत नसेल तर १४४१६ लाव. टेली-मानस हेल्पलाइन, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात. जीव नकोसा वाटला तर रात्री तीनलाही लाव, संकोच नको.

मग एका रविवारी बायकोला शेजारी बसवून सगळी पाकिटं फोड. वहीत तीनच रकाने: कोणाचे, किती, व्याज काय. क्रेडिट कार्डाचं नुसतं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरत राहिलास तर व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, आधी ते मिटव. पण त्यासाठी ॲपवरून नवं कर्ज नको. (मी काढलं होतं. विचारू नकोस.)

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नंबर, वेळ टिपून ठेव आणि बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. हप्ता कमी करून मागायला मात्र शाखेतच जा. एकट्याने जाववत नसेल तर शनिवारी मी येतो, दादरला इंडिकेटरखाली भेटू.