बाईंना विचारा : अणुबॉम्ब टाकायचं नेमकं कधी ठरलं?

ऑगस्ट जवळ आला की या सदराच्या टपालात जपान येतोच. यंदा जरा जास्तच आला. मागच्या अंकात इम्फाळच्या लढाईवरच्या एका प्रश्नाला उत्तर दिलं होतं, त्यावरून वाचकांची आपापसात जुंपली. सारख्या विषयाची पत्रं एकत्र केली आहेत. नावं छापलेली नाहीत, कारण दोन पत्रांत घरातली भांडणं आहेत.

प्रश्न : बाई, आमच्याकडे दर वर्षी हा वाद होतो. माझे दीर म्हणतात, बॉम्ब टाकला नसता तर जपानवर चढाई करावी लागली असती, दहा लाख अमेरिकन सैनिक मेले असते, ट्रूमनपुढे दुसरा मार्गच नव्हता. मुलगी म्हणते, जपान शरण यायलाच बसला होता, बॉम्ब रशियाला दाखवायला टाकला. खरं काय? – एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोघांनाही एकच विचारा : अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ट्रूमननं हा निर्णय कोणत्या तारखेला घेतला? दीर जरा थांबतील, मुलगी मोबाइल काढेल, आणि तिलाही तारीख सापडणार नाही. ‘चढाई की बॉम्ब’ असे दोन पर्याय समोर मांडले आणि राष्ट्राध्यक्षांनी एकावर सही केली, असा कागदच नाही.

जो कागद आहे तो २५ जुलै १९४५चा. अमेरिकी हवाई दलाचे जनरल कार्ल स्पाट्झ यांना दिलेला हुकूम. खाली सही जनरल थॉमस हँडींची, कारण त्यांचे वरिष्ठ, लष्करप्रमुख जनरल मार्शल, तेव्हा जर्मनीत पॉट्सडॅमला दोस्त राष्ट्रांच्या परिषदेत होते. मार्शल आणि युद्धमंत्री स्टिमसन यांची त्याला मान्यता होती. मजकूर अगदी कोरडा. साधारण ३ ऑगस्टनंतर हवामान साथ देईल तेव्हा पहिला ‘विशेष बॉम्ब’ टाका. शहरं चार : हिरोशिमा, कोकुरा, निगाता, नागासाकी. आणि पुढचे बॉम्ब तयार होतील तसतसे टाकत जा.

मी शाळेत हा भाग शिकवायचे तेव्हा मुलं पहिल्या वाक्यावरच अडकायची. मी त्यांना शेवटचं पुन्हा वाचायला लावायची. ‘तयार होतील तसतसे’. म्हणजे नागासाकीसाठी वेगळा हुकूम लागलाच नाही. दुसरा बॉम्ब आधी ११ ऑगस्टला टाकायचा बेत होता. हवा बिघडणार असा अंदाज आला म्हणून तो ९ तारखेवर आणला. हे वॉशिंग्टनमधल्या कुठल्या बैठकीत ठरलं नाही, जिथून बॉम्बची विमानं उडायची त्या पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावरच्या विमानतळावर ठरलं. विमान निघालं होतं कोकुऱ्याला. तिथे ढग आणि धूर, खालचं काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळलं. ११ वाजून २ मिनिटं.

ट्रूमनच्या हातची एक चिठ्ठी लोक मोठ्या उत्साहानं पुढे करतात, ३१ जुलैची, ‘तयार झाल्यावर सोडा, पण २ ऑगस्टच्या आत नको’ अशा अर्थाची. ती बॉम्ब सोडण्याबद्दल नाही. बॉम्ब पडल्यावर वर्तमानपत्रांना द्यायच्या निवेदनाबद्दल आहे.

मग ट्रूमनला ठाऊक नव्हतं का? होतं, आणि त्याची संमतीही होती. जबाबदारी त्यानं मरेपर्यंत दुसऱ्यावर ढकलली नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. पण आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिलला वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या या माणसाला बॉम्बची धड माहितीही नव्हती. स्टिमसननी सविस्तर सांगितलं २५ एप्रिलला. तोवर प्रकल्पावर दोन अब्ज डॉलरांच्या आसपास खर्च होत आला होता, वैमानिकांचा सराव चालू होता. मे अखेर स्टिमसनच्या समितीत चर्चा झाली ती कुठे टाकायचा, पूर्वसूचना द्यायची का, याची. टाकायचा का, हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर नव्हताच. आधी नुसता प्रयोग करून दाखवता येईल का, हे जेवताना कोणी तरी काढलं आणि पानावरून उठेपर्यंत ते मिटलं.

ट्रूमनचा स्वतःचा, निःसंदिग्ध असा हुकूम सापडतो तो १० ऑगस्टचा. थांबवण्याचा. बॉम्ब प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांनी कळवलं होतं की तिसरा बॉम्ब १७-१८ तारखेनंतर टाकता येईल. त्या पत्रावरच मार्शलनी लिहिलं : राष्ट्राध्यक्षांच्या स्पष्ट परवानगीशिवाय नाही. त्याच दिवशी मंत्रिमंडळात ट्रूमन काय म्हणाला ते व्यापारमंत्री हेन्री वॉलेस यांच्या रोजनिशीत आहे : आणखी लाखभर माणसं मारायची कल्पना त्याला सहन होत नव्हती, विशेषतः ती सगळी लहान मुलं. याच माणसानं २५ जुलैला आपल्या रोजनिशीत लिहिलं होतं की लक्ष्य लष्करी असेल, बायकामुलं नव्हेत. हे त्यानं स्वतःची समजूत घालायला लिहिलं की त्याला खरंच तसं वाटत होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला वाटतं, त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि ते जास्त भयंकर आहे.

आता दिरांचे दहा लाख. जून १९४५मध्ये नियोजकांनी काढलेल्या एका अंदाजात जपानचं दक्षिणेकडचं क्युशू बेट आणि मग टोकियोचं मैदान, दोन्ही चढाया मिळून साधारण ४०,००० अमेरिकन मृत्यू धरले होते. ‘दहा लाखांहून जास्त’ हा आकडा गाजला तो स्टिमसन यांच्या फेब्रुवारी १९४७च्या लेखामुळे, आणि त्यात जखमीही धरलेले होते. ट्रूमनच्या १९५५च्या आठवणींत पाच लाख मृत्यू झाले. म्हणजे दिरांचा आकडा बॉम्बनंतर वाढला. पण म्हणून चढाई सोपी होती असं मुलीनं समजू नये. जपानच्या ओकिनावा बेटावर एप्रिल ते जून या काळात १२,०००हून जास्त अमेरिकन मेले, आणि तिथल्या सामान्य लोकांचे मृत्यू लाखाच्या घरात जातात. क्युशूवर १ नोव्हेंबरला उतरायचं होतं आणि जुलैभर तिथलं जपानी सैन्य वाढत असल्याचे अमेरिकेनं फोडलेले संदेश सांगत होते. जून महिन्यातला अंदाज ऑगस्टमध्ये टिकला असता, असं मी म्हणणार नाही.

आणि मुलीचं ‘शरण यायलाच बसला होता’? जपानचे परराष्ट्रमंत्री तोगो मॉस्कोतल्या आपल्या राजदूताला, सातोंना, तारांवर तारा पाठवत होते की रशियानं मध्यस्थी करावी. सातो उलट विचारत होते : अटी काय? तिकडून अटी येतच नव्हत्या. सम्राट टिकला पाहिजे एवढ्यावर सगळ्यांचं एकमत, पुढे काहीच नाही. ९ ऑगस्टला, रशिया मांचुरियात घुसलेला, हिरोशिमा गेलेलं, आणि युद्धमंडळाची बैठक चालू असताना नागासाकीची बातमी आली. तरी शरणागतीच्या अटींवरून सहा जणांत तीन विरुद्ध तीन. शेवटी रात्री सम्राटाला मध्ये पडावं लागलं. ‘बसला होता’ म्हणावं तर उठायला बराच वेळ लागला.

रशियाचं मात्र तिचं निम्मं बरोबर. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री बर्न्स यांच्या डोक्यात रशिया होताच. जपानला शरण या म्हणून बजावणाऱ्या पॉट्सडॅमच्या घोषणेच्या मसुद्यात सम्राटाचं पद राहू शकेल असं सुचवणारं वाक्य स्टिमसनना हवं होतं, ते काढलं गेलं. आणि युद्धानंतर सम्राट राहिलाच! हे वाक्य जुलैमध्ये ठेवलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मला चढाईच्या आकड्यांपेक्षा जास्त छळतो.

जपाननं कशामुळे हार मानली, यासाठी दोन कागद शेजारी ठेवून वाचावे. १५ ऑगस्टला सम्राटानं जनतेसाठी रेडिओवर वाचलेल्या घोषणेत क्रूर अशा नव्या बॉम्बचा उल्लेख आहे, रशियाचा नाही. १७ ऑगस्टला सैनिकांना उद्देशून काढलेल्या घोषणेत रशियाचा आहे, बॉम्बचा नाही. ज्याला जे पटेल ते त्याला सांगितलं.

माझं मत विचारलं आहे म्हणून : हिरोशिमाबद्दल मी दिरांचं ऐकून घेईन, त्यांच्याशी भांडेन, पण ऐकेन. नागासाकीबद्दल नाही. जपानचे शास्त्रज्ञ निशिना पाहणीसाठी हिरोशिमाला पोचले तेच ८ ऑगस्टला. टोकियोनं ती बातमी पचवायच्या आत दुसऱ्या दिवशी दुसरं शहर गेलं, आणि ते त्या दिवशी का, तर हवा.

प्रश्न : बॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी कोणीच विरोध केला नाही? – विज्ञान शाखेचा विद्यार्थी, सुदामानगर

उत्तर : केला. जोसेफ रॉटब्लाट १९४४ संपतानाच प्रकल्प सोडून गेले, कारण जर्मनीकडे बॉम्ब नाही हे तोवर उघड झालं होतं. जून १९४५मध्ये जेम्स फ्रँक आणि सहकाऱ्यांनी अहवाल दिला : आधी निर्जन जागी प्रयोग करून दाखवा. जुलैमध्ये लिओ झिलार्ड यांनी अर्ज फिरवला, त्यावर ७० जणांच्या सह्या झाल्या. तो ट्रूमनपर्यंत पोचलाच नाही. बरेचसे शिकागोचे लोक होते, ज्यांचं काम आधी उरकलं होतं. बॉम्ब प्रत्यक्ष जुळवला जात होता त्या लॉस अ‍ॅलामॉसला काम जोरात होतं, तिथे असले अर्ज फारसे फिरले नाहीत. हातात काम असलं की माणूस प्रश्न कमी विचारतो, हे तुमच्या प्रयोगशाळेतही पाहून ठेवा.

प्रश्न : जपान तर नेताजींचा मित्र. मग आपण अमेरिका-ब्रिटनच्या चष्म्यातून हे युद्ध का पाहायचं? – एक निवृत्त बँक अधिकारी, स्नेहलतागंज

उत्तर : पाहू नका. पण जपानच्याही चष्म्यातून नको. अंदमान मार्च १९४२मध्ये जपाननं घेतलं. तिथे हेरगिरीच्या संशयावरून लोकांचे हाल हाल केले. ३० जानेवारी १९४४ला होम्फ्रेगंज इथे ४४ जणांना गोळ्या घातल्या. सगळे हिंदी, म्हणजे भारतीय. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेसाठी मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ मजूर हजारोंनी नेले, त्यातले कितीतरी परतले नाहीत. सिंगापूर पडल्यावर आझाद हिंद फौजेत जायला नकार देणाऱ्या अनेक हिंदी कैद्यांना न्यू गिनीच्या बाजूला कामाला जुंपलं. आणि मार्च १९४४मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांना चार-पाच दिवस अडवून धरणाऱ्यांत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं होती, तेव्हा एकच चष्मा पुरणार नाही.

तुमच्या पत्रात न्या. राधाबिनोद पाल यांचं नाव आहे. जपानी नेत्यांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे ते एकटे. अणुबॉम्बच्या निर्णयावर त्यांनी निकालपत्रातच कोरडे ओढले. पण त्याच निकालपत्रात जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे हेही मान्य केलं. जपानमधले त्यांचे काही भक्त हे पान उलटून पुढे जातात. आपण जाऊ नये.

प्रश्न : मुलाला हिरोशिमाला दोन वर्षांसाठी नोकरी मिळाली आहे. सासूबाई म्हणतात, तिथे अजून विषारी किरणं असतील. – एक आई, लोकमान्यनगर

उत्तर : नाहीत. बॉम्ब जमिनीवर न फुटता सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. मागे उरलेला किरणोत्सर्ग झपाट्यानं उतरत गेला, आज तिथली पातळी इतर शहरांसारखीच आहे. अकरा लाखांहून जास्त लोक तिथे राहतात. काही ट्राम तर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टलाच, पुन्हा धावल्या. सासूबाईंना सांगा, त्या शहराचं मानाचं फूल कण्हेर आहे, राखेतून लवकर फुललं म्हणून. जूनमध्ये पाऊस बराच पडतो, छत्री द्या.

प्रश्न : आजोबा फौजेत होते. त्यांचा एक फोटो आहे, मागे इंग्रजीत ‘कुरे, जपान १९४६’ लिहिलं आहे. आमचे हिंदी सैनिक जपानमध्ये काय करत होते? घरात कोणाला माहीत नाही. – एक वाचक, महू

उत्तर : टपालातलं हे मला सगळ्यात आवडलेलं पत्र. शरणागतीनंतर जपानच्या ताब्यासाठी ब्रिटिश राष्ट्रकुलाची एक फौज गेली, तिचं बंदर कुरे. हिरोशिमापासून वीसेक किलोमीटर. त्या फौजेत हिंदी ब्रिगेड होती, २६८वी, आणि तिच्यात पंजाब रेजिमेंट व गुरखा यांच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. ब्रिगेडचे प्रमुख पुढचे लष्करप्रमुख थिमय्या. १९४७मध्ये ती परतली. म्हणजे देश पारतंत्र्यात असताना आपले लोक दुसऱ्या देशावर पहारा द्यायला उभे होते, आणि परतले तेव्हा स्वतःचा झेंडा बदललेला किंवा बदलायच्या बेतात. यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.

आजोबा मराठा पलटणीतलेच असतील असं नाही. सिग्नल, इंजिनिअर, दवाखाना, वाहतूक असे लोकही बरोबर होते, आणि तुम्ही सिग्नलचं प्रशिक्षण केंद्र असलेल्या महूचे, तेव्हा सिग्नलची शक्यता मी आधी तपासेन. घरात पेन्शनचा कागद, बिल्ला किंवा पदक शोधा. पदकाच्या कडेवर बहुधा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगानं बघा. नंबर मिळाला की त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घाला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, सिग्नलचं जबलपूरला. नातं सिद्ध करणारा कागद जोडा. उत्तराला वेळ लागतो, धीर धरा. आणि आजोबांचे आणखी फोटो अल्बमला चिकटलेले असतील तर मागचं वाचायला ते ओढू नका, आधी पुढच्या बाजूचे नीट फोटो काढून ठेवा. तुमची हरकत नसेल तर कुरेचा फोटो इथे छापू.