एफडी मोडू का लोन घेऊ? आधी लसीची तारीख बघा

पत्र थोडक्यात असं: युरोपियन युनियनमधल्या एका देशात नोकरी लागलीय, 7 आठवड्यांनी निघायचंय, ब्रुनोला (कुत्रा) न्यायचंय, पेट रिलोकेशनवाला (पाळीव प्राणी परदेशी पोचवणारा एजंट) अडीच पगार मागतोय, तर एफडी मोडू का पर्सनल लोन घेऊ?

दोन्ही नको. ब्रुनोच्या लसीच्या पुस्तकाचा फोटो सहज म्हणून जोडलात ते बरं झालं. रेबीजची लस 12 मार्च, मायक्रोचिप (कातडीखाली बसवतात ती ओळख नंबराची चिप) 3 जून. चिपच्या आधी दिलेली लस तिकडे धरतच नाहीत, ती याच कुत्र्याला दिली हे कशावरून? म्हणजे लस पुन्हा. तुमचा देश त्यांच्या सवलतीच्या देशांच्या यादीत नाही, त्यामुळे लसीनंतर किमान 30 दिवसांनी रक्त काढायचं, त्यांनी मान्यता दिलेल्या लॅबमध्येच टायटर टेस्ट (रक्तात रेबीजविरुद्धच्या अँटिबॉडीज किती ते मोजणारी), रिझल्ट मिलीलीटरमागे 0.5 आययू (मोजण्याचं एकक) किंवा जास्त, आणि रक्त काढल्यापासून 3 महिने थांबायचं. झाले की चार महिने! एजंट म्हणतो "मॅनेज होतं". काय मॅनेज होतं? अँटिबॉडीज काय त्याच्या ओळखीच्या आहेत?

"मी पुढे जातो, तो नंतर कार्गोने येईल" हेही लिहिलंय. तुमच्या आणि त्याच्या प्रवासात 5 दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं की व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात, कागद वाढतात आणि बिलही. त्यापेक्षा जॉइनिंग पुढे ढकलता येतंय का विचारा, नाहीतर चार महिन्यांनी स्वतः येऊन त्याला घेऊन जा, जाण्यायेण्याचं तिकीट अर्धा पगार धरा, तरी परवडतं.

आणि ती पेट ट्रॅव्हल पॉलिसी, "क्वारंटाइनचा सगळा खर्च कव्हर" म्हणून गळ्यात मारलेली. तुम्हीच पाठवलेल्या पानावर लिहिलंय की कागदपत्रांत त्रुटी असेल तर भरपाई नाही. अहो कुत्रा अडकतो तो बहुतेक वेळा कागदांपायीच! परत करायची मुदत शिल्लक असेल तर आजच परत करा.

आता तुमचा प्रश्न. एफडी 3 महिन्यांनी मॅच्युअर होतेय, ब्रुनो 4 महिन्यांच्या आत हलत नाही. मोडायची कशाला, आणि व्याज तरी कशाला भरायचं? लस आणि टेस्टचा खर्च पगारातून भागवा, एजंटला ॲडव्हान्स रिझल्ट हातात आल्यावर. बूस्टरची तारीख मात्र चुकवू नका, चुकली तर टेस्ट पहिल्यापासून.

लस टोचायच्या आधी डॉक्टरांना चिप स्कॅन करायला लावा, 15 आकडे पुस्तकाशी समोर उभं राहून जुळवा, आणि लॅबच्या फॉर्मवरही तोच नंबर गेलाय ना ते बघा.