बिटरेट किती ठेवू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गणपतीला चाकरमानी गावी आले की जुने व्हिडिओ बाहेर निघतात आणि पाठोपाठ तोच प्रश्न येतो: फॉरमॅट बदलताना बिटरेट किती ठेवू? बिटरेट म्हणजे दर सेकंदाला फाइलमध्ये किती माहिती लिहिली जाते, एवढंच. मूळ चित्रीकरण कसलं, कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याची पद्धत) कोणता आणि व्हिडिओ कुठे बघायचा, हे कळल्याशिवाय नुसता आकडा सांगता येत नाही.

प्रश्न (गुहागर): ७०० एमबीची जुनी फाइल जास्त बिटरेटने ३ जीबीची केली तर चित्र स्वच्छ होईल का?

नाही. फाइल फुगेल, चित्र उलट किंचित बिघडेल.

प्रश्न (दापोली): फोनमधली एमओव्ही फाइल एमपी४ करायची आहे. कोणता बिटरेट निवडू?

कोणताच नाही. बहुतेक वेळा आतला व्हिडिओ तसाच चालतो, बाहेरचं वेष्टन तेवढं बदलायचं असतं. एफएफएमपेग या प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ पर्याय वापरा, काम काही सेकंदांत होतं. हँडब्रेक हे सॉफ्टवेअर दर वेळी व्हिडिओ नव्याने दाबतं, त्यामुळे इथे ते नको.

प्रश्न (कुडाळ): जत्रेतला दशावतार १०८०पीमध्ये चित्रित केला आहे. मित्र म्हणतो, यूट्यूब फाइल दाबतंच, तर २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) पुरे. खरं का?

हे ऐकीव ज्ञान फार पसरलं आहे आणि ते चूक आहे. यूट्यूब पुन्हा दाबणार आहे, म्हणूनच त्याला चांगली फाइल द्यायची. १०८०पीसाठी यूट्यूबचीच शिफारस सेकंदाला २५-३० फ्रेमना ८ एमबीपीएस आणि ५०-६० फ्रेमना १२ एमबीपीएस अशी आहे. ८ बिटचा एक बाइट, म्हणून ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, तासाला ३.६ जीबी. पाच तासांचं नाटक १८ जीबी होईल, होऊ द्या.

दशावतार दाबायला कठीण असतो. रात्रीचा उजेड कमी, त्यामुळे चित्रात दाणे. जरीचे पोशाख, युद्धाच्या गिरक्या. संकासुर या दैत्याचा काळा पोशाख गडद पडद्यापुढे आला की कमी बिटरेटला तिथे चौकोनी ठोकळे दिसतात. त्याचा प्रवेश आणि युद्ध, दोन्हींचा एकेक मिनिटाचा तुकडा आधी करून मोठ्या पडद्यावर पाहा. एच.२६४ या कोडेकला सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा, लहान तितकं चित्र चांगलं) १८ ते २० ठेवलंत तर जिथे लागेल तिथे बिटरेट आपोआप वाढतो. आवाज १९२ केबीपीएसच्या खाली नको. ६४ला झांज पाण्यातून आल्यासारखी ऐकू येते. आणि अपलोड करण्याआधी मंडळाच्या मालकांना विचारा.

प्रश्न (चिपळूण): आईवडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट २०२१च्या पुरात भिजली. सुकवून ठेवली आहे, कॅसेटच्या खिडकीतून पांढरे डाग दिसतात. एक जण ‘फोर-के, ५० एमबीपीएस’ करून देतो म्हणतो, पण दर दुप्पट. आत्ता देऊ की पुढच्या वर्षी निवांत बघू?

बिटरेट राहू दे बाजूला. ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका, ‘चालते का बघू’ म्हणूनसुद्धा नाही. ते डाग बहुधा बुरशीचे आहेत. फीत फिरली की बुरशी मशिनच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते, फीत ओरखडते आणि त्याच मशिनवर पुढे लागणारी दुसऱ्याची कॅसेटही खराब होते. पुराचा गाळ असेल तर फीत तुटायलाही वेळ लागत नाही. उन्हात ठेवली की बुरशी मरते असं सांगतात, ते ऐकू नका; उन्हाने फीत आकसते आणि वाकडी होते. फीत उघडून साफ करणाऱ्या माणसाला आधी दाखवा, भले त्यासाठी मुंबई-पुण्याला पाठवावी लागो.

आता ते फोर-के. पॅल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) व्हीएचएसचं चित्र डिजिटल करताना ७२० बाय ५७६चं होतं आणि मुळातला तपशील त्याहूनही कमी असतो. ते ताणून फोर-के केलं तरी नवरीच्या शालूवरची नक्षी परत येत नाही. हा निव्वळ पैसे काढण्याचा प्रकार आहे. दुकानदाराला एवढंच विचारा: कॅप्चर (फितीवरून कॉम्प्युटरवर उतरवणं) कशात करता? डीव्ही या डिजिटल फॉरमॅटमध्ये २५ एमबीपीएसने तासाला साधारण १३ जीबी लागतात. ती किंवा त्याहून चांगली मूळ फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्या. घरी बघायला त्यावरून एच.२६४ची ४ ते ६ एमबीपीएसची प्रत पुरते. जुन्या चित्रीकरणात सेकंदाला ५० फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं) असतात. त्यातले निम्मे टाकून दिले तर वरातीतलं नाचणं अडखळत दिसतं, म्हणून ५० फ्रेमची प्रत मागा. कॅसेट परत घ्याच, घेतल्यावर फेकू नका.

पुढच्या वर्षी मुळीच नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कपाटातली चामड्याची चप्पलही बुरसते. फितीची वेगळी गत होत नाही. व्हीसीआर बनवणारी फुनाई ही शेवटची मोठी कंपनीही २०१६मध्ये थांबली. चालू मशीन आणि ते दुरुस्त करणारे, दोन्ही कमी होत चालले आहेत. पुढचा पाऊस लागायच्या आत हे काम करून घ्या.

प्रश्न (मालवण): ५ जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, जागा तर आहे. बिटरेट कमी करू?

नको. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. आतलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून एक्सएफएटीमध्ये फॉरमॅट करा. तुमचा टीव्ही एक्सएफएटी वाचतो का, ते मात्र आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहा किंवा टीव्हीवाल्याला विचारा.