शाकाहारी राहून वजन उतरवताना आधी प्रथिनं मोजा

नुसतं मांस सोडून वजन उतरत नाही. त्याची जागा बहुधा भात, ब्रेड, बटाटे घेतात आणि लवकरच पुन्हा भूक लागते. म्हणून आधी प्रथिनं ठरवा: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम. शिजवलेल्या 100 ग्रॅम मसुरात जेमतेम 9 ग्रॅम मिळतात, 50 ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये मात्र सुमारे 25. तेव्हा फक्त डाळींवर भागवू नका.

तेल बाटलीतून ओतू नका, चमच्याने मोजा. एका मोठ्या चमच्यात जवळपास 120 कॅलरी. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत त्याहूनही जास्त. वजन अडतं ते बऱ्याचदा इथेच.

दूधही बंद केलं असेल तर बी-12 जीवनसत्त्वाची गोळी हवीच. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.