सईला पत्र: आजीच्या वाकळा आणि वारी

प्रिय सई,

परवा जेवताना तू विचारलंस, "आजीकडे केवढा पेशन्स आहे असं तुम्ही सगळे म्हणता. पण तिची शाळा सोडवली, लग्न लावून दिलं आणि मग ती वाकळा शिवत बसली. दुसरं काही करायला मिळालंच नाही म्हणून ना? आणि पंढरपूरला एसटी जाते, तर चालत कशाला जायचं?" मी तुझ्या ताटात भात वाढला आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल की मी चिडले. चिडले नव्हते, पण लागलं खरं. लागलं, कारण यातला पहिला प्रश्न तुझ्याएवढी असल्यापासून माझ्याही मनात आहे, आणि मी तो कधी कुणाला विचारला नाही. तोंडानं सांगायला गेले की मी एक तर आजीची वकिली करत बसते, नाही तर मला रडू येतं. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, सावकाश वाच. अडेल तिथं मला विचार, बाबांना नको.

आधी तुझं जे बरोबर आहे ते. आजीला चौथीनंतर शाळेतून काढलं. गुरुजी घरी आले होते, "पोरगी हुशार आहे, फलटणला हायस्कूलात घाला" म्हणून सांगायला. तिच्या वडलांनी त्यांना चहा दिला आणि धाकट्या तिघांकडं बोट दाखवलं, "ह्यांना कोण बघंल?" संपलं. पुढं नानांशी लग्न झालं. नाना फौजेत. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत पोरं पाठवणारी गावं कितीतरी आहेत, अपशिंग्याला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. त्या गावांतल्या बायकांचं निम्मं आयुष्य पोस्टमनची वाट बघण्यात गेलं. आजीचंही गेलं. यातलं काहीही तिनं मागून घेतलेलं नव्हतं.

आता तुझ्या पलंगावरच्या वाकळेबद्दल. तिच्या कोपऱ्यात खाकी ठिगळ आहे ना, ते नानांच्या जुन्या शर्टाचं. १९७१ च्या डिसेंबरात ३ तारखेला लढाई सुरू झाली आणि १६ ला संपलीसुद्धा. गावात रेडिओ एकच, त्यावर विजयाची बातमी आली, पोरांनी गुलाल उधळला. पण नानांचं पत्र आलं नाही. संक्रांत झाली तरी आलं नाही. आजी तेव्हा विशीचीसुद्धा नव्हती. दिवसभर रानात, आणि रात्री चिमणीच्या उजेडात ही वाकळ. एरवी वाकळ उन्हाळ्यात घालतात, सुगी उरकल्यावर आणि मृगाचा पाऊस यायच्या आत. ही तेवढी एकच ऐन थंडीत घातलेली. पत्र आलं तेव्हा ती अर्धी झाली होती. आजी म्हणते, "पत्र आलं म्हणून सुई ठिवली न्हाय. उरल्याली पुरी केली." मला या वाक्याचं लहानपणापासून नवल वाटत आलं आहे.

पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ. नीरेचा उजवा कालवा फलटण तालुक्यातून जातो, पण आपलं गाव कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याखाली ऊस, कालव्याच्या वर बाजरी, तीही पाऊस पडला तर. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची, आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी, जिची भाकरी कुणालाच आवडायची नाही. ती गोष्ट आजी कधी खुलवून सांगत नाही, म्हणून मीही नाही सांगत.

मी सांगते ते माझ्या डोळ्यांसमोरचं. तुझी पणजी, म्हणजे थोरल्या आई, हिच्या हाताखाली घरातल्या सगळ्या वाकळा व्हायच्या. मे महिन्यात दुपारी सोप्यात स्वच्छ धुतलेलं नऊवारी लुगडं अंथरायचं, बहुतेक वेळा इरकली, कारण त्याचं सूत दमदार. त्यावर नानांची धोतरं, फाटक्या चादरी, शाळेचे झगे असे थर लावायचे, एकही सुरकुती राहू द्यायची नाही. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या, असलं काहीतरी जड ठेवायचं. मग कडेनं धावदोरा घालत चौकोनात आत आत यायचं, शेवटी मध्यावर. दोघी समोरासमोर बसायच्या, एकमेकींकडं सरकत. माझं काम सुया ओवायचं. थोरल्या आईंना दिसायचं नाही, म्हणून मी एका चिंधीवर ओवलेल्या सुयांची रांग लावून ठेवायची आणि मगच मला खेळायला सोडायचे. बाहेर आंब्याखाली तात्यामामा आणि बाकीची पोरं सूरपाट्या खेळत असायची आणि मी दोऱ्याचं टोक थुंकी लावून वळत बसलेली. मला त्या वाकळांचा राग यायचा. मोठी झाले की सगळ्यांना दुकानातल्या चादरी आणीन, असं मी मनाशी ठरवलं होतं.

थोरल्या आई शिवलेल्या ओळीवरून अंगठ्याचं नख फिरवत न्यायच्या. टाका लांब पडला असला की नख अडायचं. "ह्यात पायाचा अंगठा आडकंल," एवढंच बोलायच्या. मग आजीनं ती ओळ उसवायची. एकदा अख्ख्या दुपारचं काम उसवायला लावलं. आजी काही बोलली नाही. दोरा ओढून काढताना तिचे डोळे भरलेले मी पाहिले, आणि तेवढ्यात शेजारच्या काकी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बघ, आईसारखी सोशिक हो." सई, तुझा प्रश्न ऐकला तेव्हा मला ही दुपार आठवली. सोसणाऱ्या बाईचं आपल्याकडं फार कौतुक होतं, आणि त्या कौतुकाच्या आड कितीतरी गोष्टी खपून जातात. मी तुझ्या हातात कधी सुई दिली नाही ती याचसाठी. तुझ्यावर ते कौतुक यावं असं मला वाटत नाही.

पण मग ती वारीला का जाते? एसटी जाते हे तिला माहीत नाही असं नाही. कार्तिकीला ती एसटीनंच जाते.

थोरल्या आई गेल्या त्याच्या पुढच्या आषाढात आजी पहिल्यांदा चालली. त्याआधी दरवर्षी माउलींची पालखी नीरेवर यायची, नदीत पादुकांना स्नान व्हायचं आणि आपल्या जिल्ह्यात यायची. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. आजी दरवर्षी दिंडीसाठी भाकरी थापायची, दर्शन घ्यायची आणि घरी यायची. त्या वर्षी तिनं भाकरी थापल्या, वळकटीत एक वाकळ आणि दोन लुगडी बांधली आणि लोणंदपासून दिंडीत शिरली. कुणाची परवानगी मागितली नाही. नाना तेव्हा पेन्शनीत होते. त्यांनी फक्त "गुडघ्याचं तेल घे" म्हटलं. तिच्या आयुष्यात कुणी जा म्हणून न ढकलता, कुणी ये म्हणून न बोलावता झालेला तो पहिला प्रवास. पंढरपूरहून आली ती काळवंडून, पायाला फोड घेऊन, आणि मला म्हणाली, "लई चाललो बघ."

तुला रिंगण आवडलं होतं, चांदोबाच्या लिंबापाशी वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून माउलींचा अश्व धावला ते. सगळ्यांनाच आवडतं. आजीला मात्र संध्याकाळची समाजआरती प्रिय. मुक्कामावर पालखी येते, सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ चालूच असतात. मग चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं तेवढी टाळ वाजवत राहायचं. म्हणजे चोपदार तिथं जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात आणि मग आरती होते. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूही तिथंच पुकारतात. आजीनं मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. "येकाचं ऐकून घेस्तवर समदी थांबत्यात गं." जिचं गाऱ्हाणं घरात कुणी कधी ऐकून घेतलं नाही, तिला हे का आवडावं हे तुला कळेल. ही सगळी शिस्त घालून देणारे हैबतबाबा आपल्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, हे सांगायला ती कधी विसरत नाही. तेवढा अभिमान तिचा.

तिला विचारलं की विठोबाकडं काय मागतेस, तर म्हणते, "मागाया न्हाय जात, भेटाया जातो." मला तिच्यासारखी श्रद्धा नाही. मी पूजा करत नाही हे तू पाहतेसच. तरी एक गोष्ट तुला आजवर नीट सांगितलेली नाही, ती सांगते.

तू फार लवकर जन्मलीस. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी आधी. ग्लासगोतला डिसेंबर, चार वाजायच्या आत अंधार, आणि तू काचेच्या पेटीत नळ्या लावून. आजीला इकडं येणं लगेच शक्य नव्हतं. फोनवर मी रडत होते आणि ती म्हणाली, "आदी हातात सुई घे. हात रिकामा ऱ्हायला की डोकं खातंय." मला तेव्हा तिचा संताप आला. पण मी माझी एक जुनी सुती साडी फाडली, बाबांचा एक शर्ट घेतला आणि वॉर्डाच्या बाहेरच्या खोलीत बसून तुझं दुपटं घालायला घेतलं. रोज संध्याकाळी आजीचा फोन. तुझं वजन किती वाढलं हे ती विचारायची नाही. ते बाकी सगळे विचारायचे, आणि न वाढलेल्या दिवशी सांगताना माझा जीव जायचा. ती विचारायची, "किती वळी झाल्या?" ओळी रोज होत होत्या. वजन वाढो न वाढो, दोन ओळी झाल्या असं तरी सांगता यायचं. टाका घालताना मी मनात माउली, माउली म्हणायची. ती श्रद्धा होती की भीती, मला आजही सांगता येत नाही. त्या दुपट्यातले टाके लांब आहेत. मी एकही उसवला नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाला मला हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. सुई तिच्या हातात दुसऱ्यांनी दिली, हे खरं. पण पत्र आल्यावरही वाकळ पुरी करणारी, आणि हजारो मैलांवरून माझ्या हातात सुई देणारी, आजीच होती. थोरल्या आई गेल्यावर तिला वाकळा बंद करता आल्या असत्या. बंद केल्या नाहीत, फक्त उसवणं बंद केलं. मागच्या सुट्टीत तू तिच्याशेजारी बसून जे वेडंवाकडं शिवलंस, ते तिनं तसंच ठेवलंय. तात्यामामानं परवा फोटो पाठवला.

आता कामाचं. आषाढी दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, आणि अधिक महिना मध्ये आला तर वारी आणखी पुढं जाते. तुझी शाळा जूनअखेर सुटते, त्यामुळं तारखा जुळतात का ते मी पंचांगात बघते आणि मगच तिकिटं काढते. जुळल्या तर तरडगाव ते फलटण एवढा एक टप्पा आजीबरोबर चालायचा माझा विचार आहे. तू आलंच पाहिजे असं नाही. तात्यामामाकडं राहिलीस आणि दिवसभर कालव्यावर पोहत बसलीस तरी आजी काही म्हणणार नाही, आणि मीही नाही. यायचं असेल तर मात्र चालायचे बूट आत्तापासून पायात घालायला लाग, नवे बूट त्या रस्त्यावर फार फोड आणतात.

आणि तुझा तो शाळेचा आखूड झालेला निळा शर्ट आजीनं मागितला आहे. आत अस्तराला नको म्हणते, वर दिसेल असा लावायचाय. द्यायचा की नाही ते तू ठरव. नसेल द्यायचा तर मी तिला तसं सांगते.

तुझी,
आई