साओ पाउलो की मोंटेव्हिडिओ? आधी त्या सहीबद्दल बोलू

प्रश्न: वय ३८, मूळचा नाशिकचा. पत्नी ३५, सध्या नोकरी करत नाही. मुलगा ८ वर्षांचा, जन्म नाशिकचा. २०१८ च्या अखेरीपासून उरुग्वेत, मोंटेव्हिडिओतल्या मुक्त क्षेत्रात (करसवलतीच्या वसाहतीत) एका आयटी कंपनीत आहे. पगार ३,५०० डॉलर, हातात ३,००० च्या आसपास. आलो तेव्हा दोन-तीन वर्षांचाच बेत होता. आता ब्राझीलमधल्या साओ पाउलोतून २५ टक्के जास्त पैशांची ऑफर आली आहे, पेजोता पद्धतीने, म्हणजे कपात जवळजवळ नाही. कुठे स्थायिक व्हावं हे ठरवण्यासाठी मी अमेरिका, स्पेन, पोर्तुगाल आणि जपानमधल्या ब्राझिलियन व उरुग्वेयन स्थलांतरितांचं उत्पन्न, शिक्षण आणि घरमालकी यांचा तक्ता केला. उरुग्वेयन सरस दिसतात. मुलाला पुढे स्पेनला जाता यावं म्हणून उरुग्वेचं नागरिकत्व घ्यावं का? इथे रुजू होताना पेन्शनची कपात नको असं लिहून दिलं होतं, त्यामुळे दरमहा १५ टक्के वाचतात. त्यातून नाशिकच्या बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने दिलेली गॅरंटीड पॉलिसी भरतो: वर्षाला ३ लाख, १२ वर्षं, विसाव्या वर्षी ७२ लाख. भारतातल्या आठ वर्षांच्या नोकरीचा पीएफ आणि पेन्शनचे पैसे निघताना काढून फ्लॅटचं डाउन पेमेंट केलं.

उत्तर: तक्ता मन लावून केलाय, मान्य. पण त्यातून निघालेला निष्कर्ष तुमच्या उपयोगाचा नाही, आणि पत्रातल्या शेवटच्या चार ओळी तक्त्यापेक्षा कितीतरी महाग पडणार आहेत. तक्ता आधी उरकतो.

उरुग्वेची लोकसंख्या ३५ लाख, म्हणजे तुमच्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी. त्यातला साधारण दहातला एक जण देशाबाहेर. १९७३ ते १९८५ च्या लष्करी राजवटीत लोक गेले, मग २००२ च्या बँक संकटात गेले. त्या वर्षी बँका काही दिवस बंदच होत्या आणि सरकारी बँकांमधल्या डॉलरच्या मुदत ठेवी तीन वर्षांपर्यंत लांबवल्या गेल्या. यातल्या बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा इटली किंवा स्पेनचे. त्यामुळे युरोपचा पासपोर्ट खिशात घेऊनच ते बार्सिलोना-माद्रिदला उतरले. पहिल्या दिवसापासून नोकरी कायदेशीर, पगार नोंदलेला, घराचं कर्ज मिळण्याजोगं.

ब्राझील वीस कोटींचा देश. बाहेर ४५ लाखांहून जास्त लोक असले तरी टक्केवारी दोनच्या आसपास. त्यांची मोठी लाट ऐंशीच्या दशकातल्या महागाईने उठली. मार्च १९९० मध्ये कोलोर सरकारने लोकांच्या बँकेतल्या शिलकी गोठवल्या आणि उरलासुरला भरवसा गेला. मिनास जेराइसमधलं गोव्हेर्नादोर व्हालादारेस हे गाव तर अमेरिकेला माणसं पाठवण्यासाठीच प्रसिद्ध. तिथले लोक मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमकडे गेले, अनेक जण पर्यटक व्हिसावर, मुदत उलटून राहिले. घरांची साफसफाई, बांधकाम, हॉटेलची स्वयंपाकघरं. मेहनत भरपूर, कमाईही बरी, पण नोंद कुठेच नाही.

आता अमेरिकेतले उरुग्वेयन बघा. १९९९ मध्ये त्यांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. २००२ च्या संकटानंतर इतके जण मुदत उलटून राहिले की एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेने ती सवलत काढून घेतली. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथमध्ये तोच उरुग्वेयन ब्राझिलियन शेजाऱ्यासारखंच काम करतो. स्पेनमध्ये सरस ठरलेला इथे सरस का नाही? माणूस तोच आहे. कागद वेगळे आहेत. तुमच्या तक्त्यात देश, उत्पन्न, शिक्षण असे सगळे रकाने आहेत. ‘कोणत्या कागदावर आला’ हा रकाना नाही, आणि बाकीच्यांतला बराचसा फरक त्या एकाच रकान्यातून येतो.

तुमच्या बेताबद्दल एवढंच. स्पेनमध्ये लॅटिन अमेरिकनांना दोन वर्षांत नागरिकत्व मिळतं, इतर बहुतेकांना दहा वर्षं थांबावं लागतं, हे बरोबर. पण ही दोन वर्षांची सवलत जन्माने त्या देशाचे असलेल्यांसाठी आहे. नाशिकला जन्मलेला मुलगा उद्या उरुग्वेचा नागरिक झाला तरी स्पेनच्या रांगेत त्याची दहाच वर्षं. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) यायचं. एवढं करून जे हवं होतं तेच मिळणार नसेल, तर घाई कसली? कुटुंबासह राहणाऱ्याला उरुग्वेत तीन वर्षांची अट असते; तुमची सात झाली आहेत. हा पर्याय पळून जात नाही. मुलगा मोठा झाल्यावर त्याला विचारा.

तक्त्यातला जपानचा रकाना मात्र तुम्ही पुन्हा वाचायला हवा. १९९० मध्ये जपानने कायदा बदलला आणि जपानी वंशाच्या ब्राझिलियनांना कामासाठी दार उघडलं. हामामात्सु, ओइझुमी, टोयोटा या गावांतल्या कारखान्यांत ते भरले. २००७ पर्यंत संख्या तीन लाखांच्या वर गेली. बहुतेक जण ‘दोन-तीन वर्षं कमावू आणि परत जाऊ’ म्हणून आले होते. कामाला ठेवायचे कंत्राटदार. आरोग्य आणि पेन्शनचा विमा कंत्राटदारालाही नको असायचा आणि कामगारालाही, कारण कपात नसली की हातात जास्त पडायचं. दोघेही खूश. दोन वर्षांची पंधरा झाली. २००८ च्या मंदीत सगळ्यात आधी यांनाच काढलं. २००९ मध्ये जपान सरकारने परत जाणाऱ्या कामगाराला ३ लाख येन देऊ केले, अट एवढीच की पुन्हा त्याच प्रकारच्या व्हिसावर यायचं नाही. वीसेक हजार लोकांनी ते घेतले. पुढे नियम सैल झाले: २०१२ मध्ये ब्राझील आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार लागू झाला, दोन्हीकडची वर्षं एकत्र मोजता येऊ लागली, २०१७ मध्ये जपानच्या पेन्शनची किमान अट २५ वर्षांवरून १० वर आली. ज्यांनी कपात होऊ दिली होती त्यांना याचा फायदा झाला. ज्यांची नोंदच नव्हती त्यांच्याकडे मोजायला काही नव्हतं.

आता तुमची सही. उरुग्वेच्या मुक्त क्षेत्राच्या कायद्यात परदेशी कर्मचाऱ्याला सामाजिक सुरक्षा नाकारण्याची मुभा आहे आणि तुम्ही ती रुजू होतानाच घेतलीत. पगाराचे १५ टक्के म्हणजे महिन्याला ५२५ डॉलर. सात वर्षांचे ४४ हजार डॉलर, ढोबळ ३७-३८ लाख रुपये. पॉलिसीत २१ लाख गेले. उरलेले? पत्रात उल्लेख नाही. खर्च झाले असणार. अशी ‘वाचलेली’ रक्कम बहुतेकांची खर्चच होते. आणि तुमच्या सहीने कंपनीचेही साडेसात टक्के वाचले, ते तुमच्या पगारात मिळाल्याचं मला तुमच्या आकड्यांत दिसत नाही.

पैशांपेक्षा वर्षं महत्त्वाची. तुमच्या पिढीला उरुग्वेत पूर्ण पेन्शनसाठी वय ६५ आणि ३० वर्षांची नोंद लागते. तुम्ही आलात ३१ व्या वर्षी. नोंद तेव्हाच सुरू झाली असती तर ६५ व्या वर्षी ३४ वर्षं भरली असती. आज सुरू केली तर २७. तीन वर्षं कमी. वयाच्या सत्तरीला १५ वर्षांच्या नोंदीवरही पेन्शन मिळते, पण तेव्हा मिळणारी रक्कम आणि तोवरचा खर्च यांचा मेळ कसा घालणार? शिवाय त्या १५ टक्क्यांच्या व्यवस्थेतच तुमच्यामागे पत्नीला मिळणारी पेन्शनही आहे. नोकरी गेली तर मिळणारा भत्ताही नोंद असलेल्यालाच. या सात वर्षांत तुमच्या घराला यातलं काहीच नव्हतं.

भारतातली बाजूही तुम्हीच पुसली. ईपीएसमध्ये, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत, पेन्शनसाठी १० वर्षं लागतात. तुमची आठ होती. पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर ती आठ वर्षं शाबूत राहिली असती. भारत आणि ब्राझीलचा सामाजिक सुरक्षा करार १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे, दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी जोडता येतात. उरुग्वेशी असा करार नाही. म्हणजे ब्राझीलच्या बाजूने बोलणारी तुमच्याकडची सगळ्यात भक्कम गोष्ट तुम्ही नाशिकच्या फ्लॅटमध्ये घातलीत.

आणि तरी ब्राझीलला निघालात ते पेजोता म्हणून! पेजोता म्हणजे कंपनी तुम्हाला नोकर मानत नाही, तुम्ही एक छोटी फर्म म्हणून बिल पाठवायचं. ब्राझीलमध्ये नोंदणीकृत नोकरीत तेरावा पगार मिळतो (सव्वाआठ टक्के), सुट्टीवर जाताना एक तृतीयांश पगार जास्त मिळतो (पावणेतीन), मालक एफजीटीएस खात्यात (कामगाराच्या नावची सक्तीची बचत) ८ टक्के भरतो, शिवाय महिनाभराची पगारी रजा (आणखी सव्वाआठ). बेरीज २७ टक्के. तुमची वाढ २५ टक्क्यांची. म्हणजे आजच्याच पगाराच्या नोंदणीकृत नोकरीशी तुलना केली तर वाढ नाहीच, उलट दोन टक्के घट, आणि पेन्शनची जबाबदारी तुमच्या अंगावर. २०१९ नंतर तिथल्या व्यवस्थेत येणाऱ्या पुरुषाला ६५ वय आणि २० वर्षं लागतात. ३८ व्या वर्षी हे सहज जमतं, पण आयएनएसएसची (तिथल्या सरकारी पेन्शन संस्थेची) कपात होत असेल तर. आणखी एक विचारून घ्या: नोकरीचा करारच नसेल तर ही कंपनी तुमच्या निवासी परवान्यासाठी अर्ज कशाच्या आधारावर करणार? पगार रेआलमध्ये, म्हणजे ब्राझीलच्या चलनात, असेल तर २०१८ मध्ये डॉलरला पावणेचारच्या आसपास रेआल होते, नंतर ते पाचच्या पुढे गेले, हेही हिशेबात धरा.

उरली पॉलिसी. १२ वर्षांत ३६ लाख भरायचे, विसाव्या वर्षी ७२. रिलेशनशिप मॅनेजरने ‘दुप्पट’ सांगितलं असेल. किती वर्षांत दुप्पट, हे नाही. सरासरी हप्ता साडेचौदा वर्षं अडकतो. परतावा पाच टक्क्यांच्या आत. २०१८ मध्ये सत्तर रुपयांच्या आसपास असलेला डॉलर आता ८५ च्या पुढे गेलाय, म्हणजे डॉलरमध्ये मोजला तर दोन टक्के. यालाच गॅरंटी म्हणतात. विमा म्हणावं तर या प्रकारात संरक्षण हप्त्याच्या दहापट, ३० लाख; तुमचा वर्षाचा पगारच ३६ लाख आहे. तुम्हाला काही झालं तर बायको-मुलाला एक वर्षही पुरणार नाही.

तरीही पॉलिसी आजच मोडा असं मी म्हणणार नाही. सात हप्ते गेले ते गेले. कंपनीकडून पेड-अप रक्कम, म्हणजे पुढचे हप्ते थांबवले तर शेवटी मिळणारी रक्कम, लेखी मागवा. प्रमाणात धरली तर ४२ लाखांच्या आसपास यायला हवी. तसं असेल तर पुढचे पाच हप्ते, म्हणजे १५ लाख, तुम्हाला ३० लाख जास्त देतात, सरासरी ११ वर्षांत, सहा-साडेसहा टक्के. वाईट पॉलिसीचा शेवटचा भाग पहिल्या भागापेक्षा बरा असतो, कारण कमिशन आधीच खाऊन झालेलं असतं. पण हा हप्ता खालची दोन कामं झाल्यानंतरच भरायचा. पैसे पुरले नाहीत तर पेड-अप करा आणि विसरा. तो ज्या खात्यातून जातो ते अजून निवासी बचत खातंच असेल तर एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्या; परदेशी राहणाऱ्याला फेमाखाली, म्हणजे परकीय चलन कायद्याखाली, निवासी खातं ठेवता येत नाही.

पहिलं काम टर्म विमा: किमान दोन कोटी, साठीपर्यंत, प्रस्तावात उरुग्वेचा पत्ता लिहून. तब्येत ठीक असेल तर वर्षाला चाळीस-पन्नास हजारांत बसावा. दुसरं काम कंपनीच्या एचआरला आणि बीपीएसला (उरुग्वेची सामाजिक सुरक्षा संस्था) लेखी विचारणं, की पुढच्या पगारापासून कपात कशी सुरू करता येईल. कपात सुरू झाली की प्राप्तिकराचा हिशेबही बदलतो, तेव्हा तिथल्या एखाद्या कोंतादोरकडून (हिशेबनीस) हातात येणारा आकडा मांडून घ्या. मागची सात वर्षं परत मिळतील ही आशा ठेवू नका.

साओ पाउलोचं उत्तर त्यानंतरच. पेजोता असेल तर नाही. नोंदणीकृत नोकरी असेल, आयएनएसएस आणि एफजीटीएस करारात लिहिलेलं असेल आणि तरीही २५ टक्के जास्त असतील, तर मला तो करार पाठवा, पुन्हा आकडेमोड करू. तोवर मोंटेव्हिडिओतच राहा. नाशिकच्या फ्लॅटचं भाडं किती येतं आणि कर्ज किती उरलंय, तेही त्याच मेलमध्ये कळवा.